पथ्याची शेवटची तारीख



स्वमग्न मुलांच्या पथ्यावर बोलायला कोलकात्याइतके सोयीचे आणि कोलकात्याइतके अडचणीचे शहर मला दुसरे सुचत नाही. सोयीचे अशासाठी की इथला माणूस दुपारी भातच जेवतो. अडचणीचे अशासाठी की जेवण झाल्यावर तो संदेश नावाची दुधाची मिठाई खातो.

ज्या पथ्याविषयी मी बोलणार आहे त्याला पालक ‘जीएफसीएफ’ म्हणतात. गहू, बार्ली आणि राय या धान्यांतले ग्लुटेन बंद. दुधातले केसीन बंद. काही घरांत पुढे सोयाबीन बंद होते, मग साखर, मग मका, मग रंग घातलेले सगळेच. ही यादी वाढत जाते; कमी झालेली मी क्वचित पाहिली आहे. पथ्य सुरू होते तेव्हा मूल दोन-तीन वर्षांचे असते. नावाने हाक मारली तर वळत नाही, आलेले चार शब्द गेलेले असतात, निदानाचा कागद नुकताच हातात पडलेला असतो. थेरपीची वेळ मिळायला महिने लागणार असतात. पण कणकेचा डबा मात्र आज रात्री रिकामा करता येतो. या पथ्याची निम्मी ताकद त्या एका गोष्टीत आहे.

पथ्य करावे की करू नये, एवढे सांगून मी खाली बसणार नाही. त्याचा निकाल बराचसा लागलेला आहे, तो सांगेनच. माझे म्हणणे वेगळे आहे. पथ्य सुरू कसे करावे हे सांगणारे पुष्कळ भेटतात. ते थांबवावे केव्हा आणि कसे, हे कोणी सांगत नाही. ज्या उपायाला शेवटची तारीख नाही तो लागू पडला की नाही हे कधीच तपासले जात नाही, आणि त्याचा भार वर्षानुवर्षे एकाच माणसावर राहतो. बहुतेक घरांत ते माणूस म्हणजे आई.

आधी स्वयंपाकघरातच जाऊ. कागदावर हे पथ्य दोन शब्दांचे आहे. ते केवढे आहे हे ओट्याशी उभे राहिल्यावर कळते.

बंगाली घरातले रोजचे ताट घ्या. भात, मुसूर डाळ, काहीतरी ‘भाजा’, माछेर झोल. गहू नाही, दूध नाही. सकाळी मुडी, म्हणजे आपले मुरमुरे. लुधियानातल्या आईला पराठ्याला पर्याय शोधताना जी दमछाक होते, ती इथे नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात इथल्या आया म्हणतात, हे तर सोपेच आहे. मग एकेक गोष्ट पुढे येते. शुक्तो या कडवट भाजीत शेवटी दूध पडते. मटणाला दही लावलेले असते. डाळीच्या फोडणीतला हिंग निव्वळ हिंग नसतो. मूळ चीक फार उग्र असल्याने तो पिठात मिसळून विकतात, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचे असते. फुचक्याची, म्हणजे पाणीपुरीची, पुरी रव्याची आणि आट्याची. अष्टमीच्या सकाळची लुची, म्हणजे इथली पुरी, मैद्याची. संध्याकाळी चहाबरोबर मुलाच्या हातात जे ‘थिन आरारूट’ बिस्कीट दिले जाते त्याच्या नावात आरारूट असले तरी पीठ मुख्यतः मैद्याचेच. बिस्किटांचे आणि या शहराचे नाते जुने आहे. ब्रिटानियाचा कारखाना १८९२ साली इथेच सुरू झाला. आजारी मुलाला आरारूट बिस्कीट द्यायचे, हा संस्कार तीन-चार पिढ्या मुरलेला आहे. तो पुसायला डॉक्टरची चिठ्ठी पुरत नाही.

आणि छेना. मराठी घरात दूध म्हणजे पेला, फार तर श्रीखंड. इथे दूध नासवून त्यावर एक अख्खी संस्कृती उभी आहे. १९६५ साली दुधाची टंचाई झाली तेव्हा मुख्यमंत्री प्रफुल्लचंद्र सेन यांच्या सरकारने छेन्याच्या मिठाईवरच बंदी घातली होती. लहान मुलांच्या वाट्याचे दूध मिठाईत जाऊ नये, हा हेतू वाईट म्हणता येणार नाही; पण लोकांनी ते मनाला लावून घेतले ते आजतागायत. जे शहर सरकारचे ऐकायला तयार नव्हते ते एका सुनेचे किती ऐकेल, याची कल्पना तुम्ही करू शकता. मुखेभातला, म्हणजे उष्टावणाला, पहिला घास पायेसचा, म्हणजे खिरीचा. दर वाढदिवसाला केकच्या आधी पायेसची वाटी. थंडीत नोलेन गुडाचा संदेश. या प्रत्येक ठिकाणी नातवाला ‘नाही’ म्हणायचे आणि ते ठाकुमांसमोर, म्हणजे आजीसमोर, म्हणायचे.

इथल्या मराठी कुटुंबांना एक सवलत आहे, ती सांगून टाकतो. हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात गणपती बसतो, तेव्हा उकडीचा मोदक मुलाच्या हातावर ठेवायला हरकत नसते. तांदळाची उकड, खोबरे, गूळ. वरची तुपाची धार तेवढी टाळली की झाले. पौष संक्रांतीच्या ‘पिठे’ नावाच्या पक्वान्नांतही हेच तीन जिन्नस असतात, पण दूधपुली दुधात बुडवलेली आणि पाटिसापट्यात बरेचदा मैदा. सणांच्या जवळपास जाऊनही मूल बाहेरच राहते.

हे सगळे निभावायचे म्हणजे वेगळी कढई, वेगळा झारा, शाळेचा वेगळा डबा, प्रवासात स्वतःचे पीठ, पूजेच्या दिवसांत पंडालबाहेर थांबून घरून आणलेले खाणे. आणि प्रत्येक पाकिटाच्या मागचे बारीक अक्षर. भारतात एखाद्या पदार्थाला ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणायचे तर त्यात किलोला वीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये. सीलियाक, म्हणजे ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार, असलेल्या मुलासाठी हा आकडा जीवनमरणाचा आहे. त्याच काटेकोरपणे ज्याला सीलियाक नाही अशा मुलाचे घर चालवले जाते तेव्हा त्या कष्टांचे मोल विचारायला हवे.

आता ही कल्पना आली कुठून? ती वेड्यांची नाही. तिला वंशावळ आहे, आणि बरीच चांगली आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये दुष्काळ पडला. या शहरात बसून तेव्हाच्या दुष्काळाविषयी बोलायचे तर बंगालचा १९४३चा दुष्काळ आठवल्याशिवाय राहत नाही; तरी ही हकीकत तिकडची. विलेम डिके नावाच्या बालरोगतज्ज्ञाला गव्हाचा संशय आधीपासून होता. भाकर मिळेनाशी झाली, लोक ट्यूलिपचे कंद उकडून खाऊ लागले, आणि त्याचे सीलियाकचे रुग्ण सुधारले. पुन्हा पाव आला तशी मुले पुन्हा खंगली. अन्नातला एक घटक काढल्यावर असाध्य वाटणारा आजार हटतो, याचा तो अस्सल पुरावा होता. १९६६ साली डोहान या अमेरिकी डॉक्टरने युद्धकाळातील गव्हाचा खप आणि स्किझोफ्रेनियासाठी इस्पितळात भरती होणाऱ्यांची संख्या यांची सांगड घातली. १९७९ साली याक पँकसेप या मेंदूशास्त्रज्ञाने लिहिले की अफूसारखी द्रव्ये दिलेली प्राण्यांची पिले आईपासून दूर केली तरी फारशी रडत नाहीत. स्वमग्न मुलाचा अलिप्तपणा असाच कशातून येत असेल का? पुढे ऑस्लोच्या काल्ले रायकेल्टने साखळी पूर्ण केली. गहू आणि दूध नीट पचले नाही की त्यांचे अफूसारखे तुकडे उरतात, गळक्या आतड्यातून ते रक्तात जातात, तिथून मेंदूत, आणि उरलेले लघवीत सापडतात.

किती सुबक कल्पना आहे पाहा. कारण आहे, मार्ग आहे, तपासणी आहे आणि उपाय आईच्या हातात आहे. गेल्या शतकात स्वमग्नतेविषयी इतकी आशादायक गोष्ट दुसरी कोणी सांगितली नव्हती.

फक्त ती तपासल्यावर टिकली नाही. २००८ साली लंडनमधल्या संशोधकांनी ६५ स्वमग्न मुलगे आणि १५८ इतर मुलगे यांची लघवी तपासली. ते अफूसदृश तुकडे स्वमग्न मुलांमध्ये सापडले नाहीत. आजही ‘पेप्टाइड टेस्ट’साठी नमुने परदेशी पाठवले जातात, आणि त्याचे पैसे कोणाच्या खिशातून जातात हे मी सांगायला नको.

तरीही एखादा म्हणेल, कारण चुकले असेल, उपाय बरोबर असू शकतो. मान्य. वैद्यकात असे झालेले आहे. म्हणून पथ्याचीच परीक्षा घ्यायला हवी. २००२ साली नॉर्वेत वीस मुलांच्या दहा जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला वर्षभर पथ्य दिले, दुसऱ्याला नाही. पथ्याची मुले पुढे दिसली. २०१० साली डेन्मार्कमधल्या ७२ मुलांच्या अभ्यासातही काही सुधारणा नोंदली गेली. हे दोन अभ्यास पथ्याच्या बाजूने नेहमी सांगितले जातात, आणि ते खोटे नाहीत. अडचण एवढीच की दोन्हींत आईवडिलांना ठाऊक होते मूल काय खाते आहे. ज्या आईने वर्षभर दोन कढया घासल्या तिला फरक दिसू नये, अशी अपेक्षाच क्रूर आहे.

म्हणून दुहेरी अंध चाचणी. मूल काय खाते आहे हे आईला माहीत नाही, तपासणाऱ्यालाही नाही. २००६ साली फ्लोरिडात पंधरा मुलांवर बारा आठवड्यांची अशी चाचणी झाली. जेवण तयार करून पुरवले गेले, काही आठवडे पथ्याचे, काही नेहमीचे. मोजमापात फरक आढळला नाही. काही पालकांनी मात्र सुधारणा झाल्याचे सांगितले. रोचेस्टरमध्ये सुझन हायमन यांच्या गटाने आणखी काटेकोर काम केले, ते २०१६ साली छापून आले. तीन ते पाच वर्षांची मुले आधी नीट पथ्यावर आणली, आहारतज्ज्ञाने पोषणाकडे लक्ष ठेवले, आणि मग आठवड्यातून एकदा एक खाऊ दिला. कधी त्यात गहू लपवलेला, कधी दूध, कधी दोन्ही, कधी काहीच नाही. आई, शिक्षक आणि संशोधक, कोणालाच माहीत नाही. झोप, शौच, वागणे सगळे नोंदले. कशातही फरक पडला नाही. अभ्यास पूर्ण करणारी मुले फक्त चौदा होती, हे मी लपवणार नाही; चौदांवरून जगाचा निकाल लागत नाही. पण पुराव्याचे ओझे आता पथ्य सुचवणाऱ्यावर आहे. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१३च्या मार्गदर्शनात स्वच्छ लिहिले, की स्वमग्नतेच्या मूळ लक्षणांसाठी ही वर्जक पथ्ये वापरू नयेत.

इथे एका वेगळ्या औषधाची गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. १९९८ साली सिक्रेटिन या पचनसंस्थेतल्या संप्रेरकाच्या इंजेक्शनने काही स्वमग्न मुले सुधारल्याची बातमी आली आणि अमेरिकेत झुंबड उडाली. वर्षभरात साठ मुलांवर चाचणी झाली. अर्ध्यांना सिक्रेटिन, अर्ध्यांना मिठाचे पाणी. सुधारणा दोन्हींकडे दिसली, सारखीच. हा निकाल पालकांना सांगितल्यानंतरही त्यांच्यातल्या ६९ टक्क्यांनी सांगितले, की आम्हाला सिक्रेटिनमध्ये अजून रस आहे. हा आकडा सांगून पालकांना हसणारे डॉक्टर मी पाहिले आहेत. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. त्या पालकांना कोणी दुसरे काही देऊ केले होते का?

“आगेर थेके अनेक भालो, डाक्तारबाबू.” आधीपेक्षा खूप बरा आहे. हे वाक्य दवाखान्यात रोज कानावर पडते, आणि म्हणणारी खोटे बोलत नसते. तिने जे पाहिले ते खरेच घडलेले असते. प्रश्न कशामुळे घडले हा आहे. पथ्य सुरू होते ते सगळ्यात वाईट महिन्यात. त्यानंतरचा महिना बरा असणे हेच संभवनीय. निदानानंतर स्पीच थेरपी सुरू होते, शाळा बदलते, घरातले लोक मुलाशी हळू बोलू लागतात. आणि मूल तीनचे साडेतीन वर्षांचे होते. स्वमग्न मूलही वाढतेच. त्या वाढीचे श्रेय आपण तांदळाच्या पिठाला देतो.

पण सुधारणेचे एक कारण असे आहे जिथे आहार खरोखर कामाचा असतो, आणि तिथे डॉक्टर मंडळी कमी पडतात. स्वमग्न मुलांना पोटाचे त्रास पुष्कळ असतात. बद्धकोष्ठ, जुलाब, आम्लपित्त. ज्या मुलाला “पोट दुखते” हे सांगता येत नाही ते डोके आपटते, रात्री उठते, हात चावते. असे मूल समोर आले की “ऑटिझममध्ये असे होतेच” म्हणून मोकळे होणे ही हलगर्जी आहे. त्याला दुधातली साखर पचत नसेल आणि दूध थांबवल्यावर ते शांत झोपू लागले, तर तो चमत्कार नाही. पोट दुखायचे थांबले. त्याची स्वमग्नता होती तशीच आहे, पण आता ते शिकायला बसू शकते. आईला फरक दिसला तो शंभर टक्के खरा. केसीनचा मात्र त्यात संबंध नव्हता.

सीलियाकचेही तसेच. २०१६ साली छापून आलेल्या एका मोठ्या पाहणीत उत्तर भारतात १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के लोकांच्या रक्तात सीलियाकची प्रतिद्रव्ये आढळली. बंगाल भातखाऊ म्हणून इथे सीलियाक नसतोच, असे समजून चालणारे डॉक्टर आहेत. ईशान्येचा आकडा पाहिला तर तो भरवसा धरवत नाही. आणि इथे एक गोष्ट अगदी हात जोडून सांगतो. सीलियाकची रक्ततपासणी मूल गहू खात असतानाच करायची. आधी पथ्य, मग तपासणी असा क्रम लावला तर प्रतिद्रव्ये ओसरलेली असतात आणि अहवाल कोरा येतो. मग खरोखर सीलियाक असलेले मूल “आम्ही थोडेफार पाळतो” या सदरात जाते, जिथे त्याने मुळीच असता कामा नये. निदान करायचे तर त्याला पुन्हा काही आठवडे गहू चारावा लागतो. तेवढ्यासाठी किती घरे तयार होतील?

आता तोट्याकडे. स्वमग्न मुलांचे खाणे मुळातच अरुंद असते. लिओ कॅनरने १९४३ साली ज्या अकरा मुलांचे वर्णन करून या अवस्थेला नाव दिले, त्यांतल्याही अनेकांच्या खाण्याच्या तक्रारी त्याने टिपल्या होत्या. पुढच्याच वर्षी, १९४४ साली, दार्जिलिंगला काम करणाऱ्या ए. रोनाल्ड या व्हिएन्नाच्या बालरोगतज्ज्ञाचा असामान्य मुलांविषयीचा लेख ‘इंडियन जर्नल ऑफ पीडियाट्रिक्स’मध्ये आला. हे नियतकालिक डॉ. के. सी. चौधुरी यांनी १९३३ साली याच शहरात सुरू केलेले. ऑटिझम हे हल्लीचे, परदेशातून आलेले खूळ आहे असे म्हणणाऱ्यांना मी हा संदर्भ देतो. आणि ही मुले मोजलीही गेली आहेत: कोलकात्यातल्या तीन ते आठ वर्षांच्या ११,८४९ शाळकरी मुलांची पाहणी २०१७ साली छापून आली, तिच्यात स्वमग्नतेचे प्रमाण ०.२३ टक्के निघाले. शाळेपर्यंत न पोहोचलेली मुले त्यात नाहीत, हे लक्षात ठेवायचे.

तर खाणे. २०१३च्या एका एकत्रित विश्लेषणात स्वमग्न मुलांमध्ये खाण्याच्या अडचणी इतर मुलांच्या पाचपट आढळल्या. कॅल्शियम आणि प्रथिने कमी पडत होती. एखादे मूल पाचच गोष्टी खाते, त्यांतले दूध, बिस्कीट आणि लुची या तीन आपण एका रात्रीत काढतो. उरते काय? भात आणि बटाटा. दुधाच्या जागी बदाम-दूध येते, ज्यात गाईच्या दुधाच्या मानाने प्रथिने नावालाच असतात. २००८च्या एका अमेरिकी अभ्यासात चार ते आठ वर्षांच्या ७५ स्वमग्न मुलग्यांच्या हाताच्या हाडांची जाडी मोजली. ती अपेक्षेपेक्षा कमी होतीच. ज्यांचे दूध बंद होते त्यांच्यात तूट जवळजवळ दुप्पट. बंगालात यावर मौरला माशासारखा उपाय आहे. इवलासा मासा, काट्यासकट खायचा, कॅल्शियमही आणि अ जीवनसत्त्वही. पण जिभेला खरखरीत लागणारे काहीच न चालणाऱ्या मुलाला मौरला भरवून पाहा, मग कळेल आहारतज्ज्ञाचे काम काय असते. नाचणी त्या मानाने बरी. खीर म्हणून खपते.

आतड्यातल्या जंतूंविषयीही हल्ली फार बोलले जाते. ऑस्ट्रेलियात २४७ मुलांच्या नमुन्यांवर काम झाले, ते २०२१ साली आले. स्वमग्न मुलांच्या पोटात जंतूंची विविधता कमी दिसते हे खरे, पण त्या संशोधकांना बाण उलटा सापडला: मूल मोजकेच खाते, म्हणून जंतू मोजके. पोटामुळे स्वमग्नता नाही, स्वमग्नतेमुळे तसे पोट. आणि आपण त्या मोजक्यातूनही आणखी काढतो.

इथवर जे सांगितले ते कोणताही चांगला बालरोगतज्ज्ञ सांगेल. मला जे टोचते ते पुढे आहे.

१९५० आणि ६०च्या दशकांत स्वमग्नतेचा दोष आईच्या थंडपणावर ठेवला जाई. ब्रुनो बेटलहाइमने १९६७ साली त्यावर गाजलेला ग्रंथ लिहिला. त्याच्या आधीच, १९६४ साली, बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने हा आरोप खोडून काढला होता. तो स्वतः एका स्वमग्न मुलाचा बाप होता. जगभरच्या आयांवर त्याचे उपकार आहेत. याच रिमलंडने १९९५ साली ‘डिफीट ऑटिझम नाऊ’ ही चळवळ उभी केली, आणि पथ्ये, पूरक गोळ्या, ‘बायोमेडिकल’ उपचार तिथून घरोघर गेले. हेतू निर्मळच होता. पण घडले काय? माया कमी पडली या आरोपातून सुटलेली आई स्वयंपाकघरात पुन्हा आरोपी झाली. कारण या पथ्याचा एक नियम असा सांगतात, की कणभर चुकले तरी सगळे वाया. परिणाम दिसायला सहा महिने, वर्षसुद्धा लागते. या नियमामुळे पथ्य कधी हरतच नाही. मूल सुधारले तर पथ्याने. नाही सुधारले तर कोणीतरी बिस्कीट दिले. मग ठाकुमांचे कपाट तपासले जाते, शाळेतल्या मावशींची चौकशी होते, मुलाच्या खिशात चुरा सापडतो. घरात एका आजीचा आणि एका नातवाचा एकमेव सुखाचा व्यवहार असतो, तोही चोरीचा ठरतो. बोलू न शकणारे मूल पायेसची वाटी पाहून हसते, हा संवादच आहे. तो बंद करताना त्याच्या बदल्यात काय मिळणार ते पक्के माहीत असावे.

म्हणून शेवटची तारीख. एखाद्या घराला हे पथ्य करून पाहायचेच असेल तर मी अडवत नाही. अडवले तर ते मला न सांगता करतात, एवढाच फरक पडतो. मी काही अटी घालतो. सीलियाकची तपासणी आधी, बद्धकोष्ठाचा इलाज आधी. गहू आणि दूध एकदम बंद करायचे नाही. एका वेळी एकच. त्या काळात नवी थेरपी, नवी शाळा, नवे औषध शक्यतो नको. आणि सुरू करण्यापूर्वी वहीत दोन-तीन गोष्टी लिहायच्या, मोजता येतील अशाच. “बरा दिसतो” चालणार नाही, “आय कॉन्टॅक्ट वाढला” हेही नाही. रात्री किती वेळा उठला, शौचाला किती दिवसांनी गेला, दिवसात किती वेळा स्वतःहून काही मागितले. दोन आठवडे आधीच्या नोंदी, मग पथ्य. आणि पहिल्याच पानावर तीन महिन्यांनंतरची तारीख, वडिलांच्या हस्ताक्षरात. वडिलांच्या अशासाठी, की एरवी त्यांना वहीची जागाही ठाऊक नसते.

शाळेत किंवा थेरपीला एक व्यक्ती अशी ठेवायची जिला पथ्याविषयी काहीच सांगितलेले नाही, आणि तिच्याकडूनही त्याच गोष्टींची नोंद घ्यायची. डबा पाहून तिने ओळखले तर नाइलाज. तारीख आली की काढलेली वस्तू परत आणायची. दुधाची किंवा गव्हाची अॅलर्जी नाही, सीलियाक नाही, याची खात्री असेल तर हे घरातल्या घरात लपवूनही करता येते: तांदळाच्या धिरड्यात एका आठवड्यात दुधाची पावडर, एका आठवड्यात नाही, आणि कोणत्या आठवड्यात काय हे फक्त एकाला माहीत. आईला नाही. रोचेस्टरला जे झाले त्याचीच ही गरीब आवृत्ती. फरक दिसला तर तो घराचा स्वतःचा पुरावा असतो, आणि तो मी मानतो. नाही दिसला तर वही मिटायची आणि लुची लाटायची.

वाचलेल्या वेळेचे काय करायचे, हेही सांगायला हवे, नाहीतर रिकाम्या जागेत दुसरी यादी येऊन बसते. आज पथ्य, उद्या शरीरातले जड धातू काढण्याचे ‘चिलेशन’, परवा मूलपेशींचे इंजेक्शन; या शेवटच्याची स्वमग्नतेसाठी शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या मंडळाने २०२२ साली सांगितले, तरी जाहिराती चालूच राहिल्या. कोलकात्यात पालकांनी पालकांसाठी केलेले काम कमी नाही. ऑटिझम सोसायटी वेस्ट बेंगाल आहे, ‘प्रदीप’सारखे केंद्र आहे. तपासणीच्या प्रश्नावल्या बांगलात आणून त्या वापरून पाहण्याचे काम २०१४ साली झाले. रांगा लांब आहेत. पण रांगेत थांबण्याच्या महिन्यांत आईने घरी काय करायचे, मुलाशी कसे खेळायचे, मागणी कशी करायला लावायची, हे शिकवणारे प्रशिक्षण देता येते, आणि त्याला पुरावा पथ्यापेक्षा चांगला आहे. ते आम्ही पहिल्या भेटीत देत नाही. आम्ही पुढची तारीख देतो. पथ्य सांगणारा माणूस मात्र घरी न्यायला काहीतरी देतो, आणि बाजी मारतो.

काही घरे तारीख उलटल्यावरही पथ्य चालू ठेवायचे ठरवतात. त्यांना घर शांत वाटते, मूल जेवते, वजन वाढते. त्यांच्याशी मी भांडत नाही. दर सहा महिन्यांनी वजन-उंची, ड जीवनसत्त्व, हिमोग्लोबिन पाहायचे, कॅल्शियम कुठून येते ते लिहून द्यायचे, आणि फायलीत नवी तारीख टाकायची. त्या भेटीला येताना आजीला बरोबर आणा, एवढे मी आवर्जून सांगतो. भरवणारी तीच असते, आणि सहा महिन्यांत खरोखर काय काय खाल्ले गेले ते तिच्याशिवाय कोणालाच माहीत नसते.